मध्य कोणता आणि मोजलं कोणाला?



साहित्याच्या व्यासपीठावर गणिताचा विषय का, असा प्रश्न पत्रिका पाहून काहींना पडला असेल. मलाही पडला होता. पण हा विषय माझ्याकडे गणिताच्या दारातून आला नाही, शब्दाच्या दारातून आला. म्हणून तो इथेच मांडावा असं वाटलं.

माझी नात इथे गुजराती माध्यमात शिकते. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिने वही पुढे केली आणि म्हणाली, "आजोबा, मध्यक काढून द्या ना." पाच संख्या होत्या : ३, ३, ५, ७, १२. मी म्हटलं, यात काय अवघड? संख्या चढत्या क्रमाने लावायच्या आणि बरोबर मधली उचलायची. उत्तर ५. ती जरा थांबली. "पण आजोबा, आम्हाला तर बेरीज करून भागायला शिकवलंय." मी आजोबाच्या अधिकाराने सांगितलं की तुझं ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल, बेरीज करून भागतात तो मध्य, हा मध्यक. पुण्याच्या भाच्याचं पुस्तक घरात होतं, तेही उघडून दाखवलं. तिने दुसऱ्या दिवशी ५ लिहिलं आणि तिचे गुण गेले. तिच्या पुस्तकाप्रमाणे उत्तर ६ होतं.

चूक तिची नव्हती आणि तिच्या शिक्षकांचीही नव्हती. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात सगळ्या संख्यांची बेरीज करून त्यांच्या संख्येने भागलं की येतो तो 'मध्य', क्रमाने लावल्यावर मधोमध सापडतो तो 'मध्यक', आणि सगळ्यात जास्त वेळा येतो तो 'बहुलक'. गुजरातच्या पाठ्यपुस्तकात बेरजेला भागून येतो त्याला 'मध्यक' म्हणतात आणि मधोमध सापडतो तो 'मध्यस्थ'. हिंदी पुस्तकात तेच दोघं 'माध्य' आणि 'माध्यक' होऊन येतात. म्हणजे एकच शब्द, मध्यक, पुण्यात एका अर्थाचा आणि बडोद्यात दुसऱ्या अर्थाचा. बहुलक मात्र तिन्ही ठिकाणी बहुलकच. निदान त्याच्या बाबतीत तरी बहुमत झालेलं दिसतं!

मी गेलेल्या गुणांची हळहळ करत बसलो नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. मी इतक्या खात्रीने का बोललो? 'मध्य' म्हटलं की तो एकच असणार आणि तो माझ्या पुस्तकात असणार, हे मी गृहीत धरलं होतं. पुढे विचार करताना लक्षात आलं की आपण सगळेच रोज हे गृहीत धरतो. वर्तमानपत्रात 'सरासरी उत्पन्न' वाचतो, लग्नाच्या बैठकीत 'साधारण मुलगा' म्हणतो, सभेत 'सामान्य मराठी माणूस' म्हणतो, आणि तो कोणता मध्य, हे कधी विचारत नाही. आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नाविषयी आहे.

आधी शब्दांचा करार करू. 'सरासरी' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळं धरून, असा त्याचा मूळ भाव. गुजरातीतला 'सरेराश' त्याचाच सख्खा वाटावा असा. बेरजेला भागून येणाऱ्या मध्याला मी आज सरासरीच म्हणेन, म्हणजे कोणाचाच घोटाळा होणार नाही. मधोमध उभा असतो त्याला मराठी पुस्तकाप्रमाणे मध्यक म्हणेन. माझी नात समोर बसली आहे. तिने मनातल्या मनात तिथे 'मध्यस्थ' ऐकावं. खरं सांगायचं तर तिचाच शब्द जास्त बोलका आहे. लग्नातला मध्यस्थ दोन्ही पक्षांच्या मध्ये उभा असतो. गणितातल्या मध्यस्थाच्याही दोन्ही बाजूंना सारखीच माणसं असतात.

आता एक वाडा डोळ्यांपुढे आणा. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं बालपण अशाच वाड्यात गेलं. वाड्यात नऊ बिऱ्हाडं. प्रत्येकाची महिन्याची कमाई हजारांत सांगतो; आकडे मी समजावण्यासाठी बांधलेले आहेत : १८, २०, २०, २०, २५, २७, ३०, ३५ आणि शेवटचं, माडीवरचं बिऱ्हाड, १६५. बेरीज ३६०. नऊने भागा : सरासरी ४० हजार. क्रमाने लावलेलेच आहेत, पाचवा पाहा : मध्यक २५ हजार. सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा २० हजार, तो बहुलक.

कोणी विचारलं, "या वाड्यातली माणसं साधारण किती कमावतात?" तर ४०, २५ आणि २०, तिन्ही उत्तरं खरी. पण ४० हजारांचं उत्तर ऐकून तुम्ही वाड्यात शिरलात, तर तेवढी कमाई असलेलं एकही बिऱ्हाड भेटणार नाही. नवांपैकी आठ जण त्या सरासरीच्या खाली आहेत. पुढच्या वर्षी माडीवरच्याची कमाई १६५ वरून ३४५ झाली असं धरा. बाकी कोणाच्या घरात एक पैसा वाढला नाही. तरी सरासरी ४० वरून ६० हजार झाली! वाड्याची भरभराट झाली, असं कोणी लिहिलं तर आकडा खोटा नाही, वाक्य खोटं आहे. मध्यक मात्र २५ वरच आहे आणि बहुलक २० वरच.

आता उलट करा. माडीवरचं बिऱ्हाड वाडा सोडून अलकापुरीत राहायला गेलं. उरले आठ. त्यांची बेरीज १९५, सरासरी २४ हजार ३७५. मूळच्या ४० वरून थेट २४ वर! कोणाची नोकरी गेली नाही, कोणाचं दुकान बसलं नाही, तरी कागदावर वाडा गरीब झाला. मध्यक २५ वरून साडेबावीसवर आला. आठ जण असल्यामुळे मधल्या दोघांचा, २० आणि २५ चा, मध्य घ्यावा लागला. तोही हलला, पण जरासाच.

सरासरी तराजूसारखी आहे. प्रत्येक वजनाचा तिच्यावर परिणाम होतो आणि दूरच्या वजनाचा जास्त होतो. मध्यक रांगेसारखा आहे. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या मैदानावर मुलं उंचीनुसार उभी केली, तर मधला मुलगा कोण हे ओळखायला फूटपट्टीसुद्धा लागत नाही. शेवटचा मुलगा सहा फूट असो की सात, मधला बदलत नाही. आणि बहुलक गर्दीसारखा आहे. जिथे दाटी, तिथे तो.

यातलं बरोबर कोणतं, असं नात विचारते. यावर माझं उत्तर असं, की आधी काम सांग, मग आकडा सांगतो.

गणपतीच्या दिवसांतलंच काम घ्या. एका सरळ गल्लीत पाच घरं आहेत. गल्लीच्या तोंडापासून पावलांनी मोजली तर ती ०, २०, ४०, ६० आणि ४८० वर आहेत; पाचवं घर पार टोकाला. मांडव कुठे घालायचा? अंतरांची सरासरी १२०. तिथे मांडव घातला तर पाचही घरांची मिळून चाल १२०, १००, ८०, ६० आणि ३६०, एकूण ७२० पावलं. मध्यक ४०. तिथे घातला तर ४०, २०, ०, २० आणि ४४०, एकूण ५२० पावलं. एकूण चाल सगळ्यात कमी हवी असेल तर मांडव मध्यकावरच घालायला हवा. एका रस्त्यावरच्या घरांसाठी हे नेहमीच खरं ठरतं. पण त्या टोकाच्या घरात पाय दुखणारी आजी असेल तर? तिला मध्यकावर ४४० पावलं चालायला लागतात, सरासरीवर ३६०. तिचा विचार करणारा माणूस मांडव पुढे सरकवेल. गणित दोन्ही हिशेब अचूक करून देतं. कोणाचे पाय महत्त्वाचे, हे गणित सांगत नाही. ते गल्लीने ठरवायचं असतं.

आणि मूर्तिकाराला या दोन्हींचा उपयोग नाही. कोणी वीतभर मूर्ती नेतो, कोणी हातभर, एखादं मंडळ पुरुषभर उंचीची. या सगळ्यांची सरासरी उंची काढून तेवढ्याच मूर्ती केल्या, तर त्या घरच्या देव्हाऱ्यात मावणार नाहीत आणि मंडळाच्या मांडवात दिसणार नाहीत. तो पाहतो की सगळ्यात जास्त मागणी कोणत्या मापाला आहे. म्हणजे तो बहुलक पाहतो, शब्द माहीत नसला तरी. चपलांचा दुकानदार, रेडिमेड कपडेवाला, सगळे तेच करतात. शिवाय जिथे संख्याच नाही तिथेही बहुलकच चालतो. रंगांची सरासरी निघत नाही, आडनावांची निघत नाही. पण कोणता रंग जास्त खपतो, कोणतं आडनाव यादीत जास्त वेळा येतं, हे सांगता येतं.

इथे एक सावधगिरी. बहुलक म्हणजे बहुमत नव्हे. शंभर मतांपैकी तिघांना ४०, ३५ आणि २५ मतं मिळाली, तर आपल्या निवडणुकीत ४० वाला जिंकतो. तो बहुलक आहे. पण साठ जणांनी त्याला मत दिलेलं नाही. 'लोकांचं म्हणणं असं आहे' असं कोणी सांगितलं, की ते चाळीस जण बोलतायत की साठ, हे विचारून घ्यावं.

हे सगळं वाड्याच्या आणि गल्लीच्या हिशेबापुरतं असतं, तर मी आज तुमचा वेळ घेतला नसता. पण याच फरकावर या देशातला एक मोठा वाद उभा राहिला आणि तो मांडणाऱ्याचा बडोद्याशी संबंध होता. १८७४ साली दादाभाई नौरोजी या संस्थानाचे दिवाण होते, मल्हारराव महाराजांच्या कारकिर्दीत. ते फार काळ टिकले नाहीत. पण १८७६ साली त्यांनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला आणि त्यात साधा भागाकार केला. १८६७-६८ च्या सुमाराचं ब्रिटिश हिंदुस्थानचं एकूण उत्पन्न त्यांच्या हिशेबाने सुमारे ३४० कोटी रुपये, माणसं सुमारे १७ कोटी. माणशी वर्षाला २० रुपये.

हा आकडा आपण शाळेत पाठ केलेला असतो. पण दादाभाईंचं मोठेपण भागाकारात नाही, भागाकारानंतर त्यांनी जे केलं त्यात आहे. पहिली गोष्ट, त्यांनी हा आकडा सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करतं त्याच्याशेजारी ठेवला आणि दाखवलं की तेवढंही माणशी पिकत नाही. दुसरी गोष्ट, हे वीस रुपये सगळ्यांना सारखे मिळत नाहीत, वरच्या वर्गाचा वाटा मोठा असतो, तेव्हा गरिबाच्या हातात त्याहूनही कमी पडतं, हे त्यांनी स्पष्ट केलं. म्हणजे सरासरी सांगतानाच तिच्यामागे मध्यक लपलेला आहे, याची जाणीव त्यांनी करून दिली. तो शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, पण विचार तोच होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. सरकारी अहवालांत सरासरी कशी काढत, यावर त्यांनी बोट ठेवलं. प्रांतातल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांचे आकडे घ्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचं. कोणत्या जिल्ह्यात किती लागवड, किती पीक, हे पाहायचंच नाही. यात काय चुकतं ते माझ्या उदाहरणाने सांगतो. एका तालुक्यात दहा हजार मण भात झालं, भाव दोन रुपये मण. शेजारच्या डोंगरी तालुक्यात शंभरच मण झालं, भाव सहा रुपये. दोन आणि सहा, बेरीज आठ, भागिले दोन : 'सरासरी भाव चार रुपये' असं अहवालात जाणार. प्रत्यक्षात दहा हजार शंभर मण भाताची किंमत वीस हजार सहाशे रुपये, म्हणजे मणाला दोन रुपयांच्या जरासंच वर. चार रुपयांच्या हिशेबाने प्रांताचं उत्पन्न जवळजवळ दुप्पट दिसलं! आणि उत्पन्न दुप्पट दिसलं की सारा भरायची ऐपतही दुप्पट दिसते. एका चुकीच्या भागाकाराने शेतकरी श्रीमंत ठरू शकतो. आजही शाळेत मुलं दोन तुकड्यांच्या सरासरीची सरासरी काढतात, तेव्हा त्यांना दादाभाईंची ही गोष्ट सांगावी.

दादाभाई गेले, मल्हारराव गेले, आणि १८७५ साली सयाजीराव महाराज गादीवर आले. त्यांच्या शिक्षणाच्या कामाबद्दल आपण इतकं ऐकलं आहे की आता ते कौतुकाच्या भाषणात विरघळून जातं. मी ते आज या तीन शब्दांच्या चष्म्यातून पाहायला सांगतो.

१९०१ च्या जनगणनेच्या वेळी हिंदुस्थानात शंभरात पाच-सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. बायकांमध्ये शंभरात एकही नाही. आता अशी शंभर माणसं रांगेत उभी करा आणि प्रत्येकाला विचारा, तू शाळेत किती वर्षं गेलास? समजा पंच्याण्णव जण शून्य म्हणाले आणि पाच जण आठ वर्षं म्हणाले. एकूण चाळीस वर्षं, सरासरी ०.४. आता त्या पाचांपैकी एकाला पुढे शिकवून पदवीपर्यंत नेलं, आठाची सोळा वर्षं झाली. सरासरी ०.४८. पाचव्या हिश्शाने वाढली! अहवालात प्रगती दिसेल. पण मध्यक? शून्य. बहुलक? शून्य. रांगेच्या मधोमध उभा असलेला माणूस होता तिथेच, निरक्षर. वरच्या पाचांना कितीही शिकवा, तो हलणार नाही.

त्याला हलवायचं असेल तर एकच मार्ग आहे : ज्यांचं उत्तर शून्य आहे त्यांना शाळेत आणायचं, आणि अर्ध्यांहून जास्त जणांपर्यंत पोचायचं. त्या शंभरातल्या आणखी पन्नास जणांना चारच वर्षं शिकवा. मग मध्यक चार, बहुलक चार आणि सरासरीही ०.४ वरून २.४. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली महालात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, मुलींसह. मला वाटतं, हा मध्यक हलवण्याचा निर्णय होता. तो खर्चिक आणि बिनचमकदार असतो. चार वर्षं शिकलेल्या खेड्यातल्या मुलाचा सत्कार कोणी करत नाही.

याचा अर्थ वरच्यांकडे पाहू नये असा नाही. १९१३ साली याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. एका माणसाने सरासरीत दशांशाचाही फरक पडत नाही; पण त्या एका माणसाने पुढे देशाची घटना लिहिण्यात जो वाटा उचलला, तो कोणत्या मध्यात बसवणार? सगळ्यांच्या चार वर्षांची आणि एकाच्या परदेशातल्या शिक्षणाची काळजी एकाच दरबाराने घेतली, हे बडोद्याचं वैशिष्ट्य.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडलं, तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. गोखले स्वतः अंकगणिताच्या शालेय पुस्तकाचे लेखक, हे अनेकांना ठाऊक नसतं. विधेयक १९१२ साली फेटाळलं गेलं. विरोध करणाऱ्यांत आपलेही लोक होते. वरून शिक्षण झिरपत खाली येईल, ही समजूत तेव्हाही होती. ती सरासरीवर विश्वास ठेवणाऱ्यांची समजूत आहे.

पण मध्यकही देव नाही. तो मधल्या माणसाकडे पाहतो आणि त्याच्या मागे उभे असलेल्यांकडे पाठ करतो. शंभर माणसांपैकी एक्कावन्न जण शिकले की मध्यक आनंदी. उरलेल्या एकोणपन्नास बायकाच असल्या तरी त्याला ते कळत नाही. म्हणून 'मध्य कोणता' याच्याबरोबर दुसरा प्रश्न विचारावा लागतो : मोजलं कोणाला?

या प्रश्नासाठी मी तुम्हाला तुमच्याच घरात नेतो. आपल्यापैकी अनेकांकडे वंशावळ किंवा कुलवृत्तांत आहे. पेशवाईत किंवा गायकवाडी फौजेबरोबर आलेला मूळपुरुष, त्याची मुलं, नातवंडं. दिवाळीच्या सुटीत आपण ती काढतो आणि म्हणतो, "बघा, जुनी माणसं कशी दणकट! साठी-सत्तरीच्या आत कोणी गेलंच नाही." आता एका काल्पनिक घराची वंशावळ घेऊ, जिच्यात कोणालाही गाळलेलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या घरात दहा जण; मृत्यूच्या वेळची वयं अशी : १, १, २, ३, २८, ४५, ६०, ६५, ७० आणि ७५. बेरीज ३५०, सरासरी ३५. त्या वयाला घरातलं कोणीही गेलेलं नाही. मध्यक साडेछत्तीस, त्याही वयाला कोणी गेलेलं नाही. बहुलक १. इथे तिन्ही आकडे एकमेकांपासून दूर आहेत, कारण घरावर मृत्यूचे दोन वेगळे हल्ले झाले आहेत : एक पाळण्यावर आणि एक म्हातारपणावर. 'पूर्वी सरासरी आयुष्य पंचवीस-तीस होतं' असं वाचून पूर्वी तिशीतच माणूस म्हातारा होत असे असं आपण समजतो, ते म्हणूनच चूक आहे. पाळणे रिकामे होत होते, हा त्या आकड्याचा मुख्य अर्थ.

आता तीच वंशावळ प्रत्यक्षात कशी लिहिली जाते ते पाहा. चार लहानगी बहुधा गाळलेली. त्यांचं बारसं झालेलं असो-नसो, ओळ नाही. उरले सहा, बेरीज ३४३, सरासरी सत्तावन्न. अठ्ठावीसची होती ती बाळंतपणात गेलेली थोरली सून. तिच्या नावाऐवजी अनेक वंशावळींत नुसतं 'प्रथम संबंध' असतं आणि वय नसतंच. तिलाही वगळा. उरले पाच, बेरीज ३१५, सरासरी त्रेसष्ट. बघा, त्याच घराची सरासरी पस्तिसावरून त्रेसष्टावर गेली, आणि कोणाचंही आयुष्य एक दिवसानेही वाढलं नाही. आपल्या पूर्वजांचा दणकटपणा असा चार बाळं आणि एक सून न लिहिल्याने तयार झालेला असू शकतो.

मी हे कोणाला नावं ठेवायला सांगत नाही. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. दुःखाची नोंद ठेवायची नसते, असंही कित्येकांना वाटत असेल. पण आज आपल्या हातात ती वही आहे. घरात अजून एखादी नव्वदीची आत्या असेल, तिला त्या थोरल्या सुनेचं नाव माहीत असेल. ते विचारून लिहून ठेवा. सरासरी कमी होईल. वही जास्त खरी होईल.

आता शेवटी शब्दाकडे परत येतो. सयाजीरावांच्या प्रेरणेने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश निघाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी, बंगाली असे पर्याय शेजारी शेजारी मांडलेले. त्या पानांची रचनाच मला शिकवण वाटते. कोणत्याही भाषेने दुसरीला 'तुझं चुकलं' म्हटलेलं नाही. सगळ्या एका ओळीत उभ्या आहेत आणि वाचणाऱ्याने कोणता शब्द कोणत्या रकान्यातला ते पाहायचं आहे. मी त्या संध्याकाळी नेमकं हेच केलं नाही. नातीच्या रकान्यातला शब्द मी माझ्या रकान्यात वाचला.

बडोद्यातल्या मराठी घरांत हा प्रसंग यापुढे वारंवार येणार आहे. मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकणार, आपण घरी मराठीत समजावणार. समजावणं सोडू नका. गणित कळण्यासाठी घरची भाषा लागते, नुसत्या सूत्राने ते कळत नाही. मात्र शब्द विचारून घ्या. "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" हा प्रश्न आजोबाने नातीला विचारण्यात कमीपणा नाही. बेरीज करून भागायचं की रांगेत मधला शोधायचा की गर्दी कुठे आहे ते पाहायचं, ही कृती सांगा. नाव ती तिच्या पुस्तकातलं लिहील.

आणि मोठ्यांसाठी दोनच प्रश्न बरोबर देतो. कोणी तुम्हाला 'सरासरी' किंवा 'साधारणपणे' म्हणून एक आकडा सांगितला, मग तो पगाराचा असो, गुणांचा असो, पावसाचा असो की आपल्या समाजाच्या प्रगतीचा, तर विचारा : हा मध्य कोणता? आणि यात मोजलं कोणाला? दोन्ही उत्तरं मिळाली तर आकडा घरात घ्या. नाहीतर त्याला ओट्यावरच बसवा.

परवा नातीने मला नवं उदाहरण आणून दिलं. आमच्या घरातल्या पाच जणांची वयं. सरासरी काढली, मध्यस्थ काढला. मग म्हणाली, "आजोबा, बहुलक नाही निघत. आपल्या घरात कोणीच कोणासारखं नाही." मी ते उत्तर बरोबर म्हणून तपासून दिलं.